शेवटचं शून्य

मी मोबाइलची ॲप्स बनवते आणि बनवताना त्यांच्या टेस्ट लिहिते. यातली दुसरी गोष्ट मला घरात कुणाला धड समजावता आली नाही. आईला टेस्ट म्हणजे परीक्षा एवढंच माहीत, त्यामुळं मी बारामतीत शाळेवर आहे असं तिनं चार बायकांत सांगूनही टाकलं होतं. मी चिडले. माझा स्वभाव तसा तिरसटच, आणि घरच्यांवर तर तो जरा जास्तच निघतो. वडलांना मात्र एका वाक्यात कळलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

"म्हंजी उत्तर आपल्याला ठावं आसताना इचारायचं," आबा म्हणाले. "मग त्यात काय आवघड हाय? तुला ल्हानपणी मी त्येच करत हुतो की."

आणि खरंच तेच करत होते.

आबा आमच्या गावच्या पाणी संस्थेचे पाटकरी होते. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, धरणाच्या फुगवट्यापासून थोडं वर. खालून मोटारीनं पाणी उचलायचं, मोठ्या पाइपातून वर आणायचं आणि साठेक सभासदांच्या शेतांना पाळीपाळीनं द्यायचं, अशी योजना. कुणाचा वॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. हिशोब सरळ होता. एकराला चार तास, म्हणजे गुंठ्याला सहा मिनिटं. दहा दिवसांनी एकदा पाळी. त्यात कुणाची पाच मिनिटं कमी झाली तर माणूस आबांच्या दारात उभा राहणार, आणि जास्त झाली तर त्याच्या खालचा उभा राहणार.

तीस वर्षं कुणी उभं राहिलं नाही. हे मी कौतुकानं सांगते, पण घरात त्याला कौतुकापेक्षा मोठा अर्थ होता. आमच्या आजोबांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसाला गावच्या विहिरीवर हात लावता येत नव्हता. वरून कुणी ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायचं. मग आजोबांनी धम्म घेतला, पोरांना शाळेत घातलं, गावही हळूहळू बदललं, आणि आबांच्या वेळेला सगळ्या गावाच्या पाण्याची किल्ली आमच्या घरातल्या खिळ्याला आली. आबा याबद्दल कधी भाषण करायचे नाहीत. फक्त रोज सकाळी रेडिओच्या वेळेवर मनगटातलं घड्याळ लावायचे. "आपली चूक झाली की ती एकट्याची ऱ्हात न्हाय," एवढंच एकदा म्हणाले होते.

मी सात-आठ वर्षांची असताना रविवारी ते मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पाइपलाइनच्या कडेनं न्यायचे. एकेक वॉल्व्ह आला की पाय टेकायचे आणि विचारायचे.

"सव्वा एकर?"

"पाच तास."

"तीस गुंठं?"

"तीन तास."

"एक पाच?"

एक पाच म्हणजे एक एकर पाच गुंठे. मी बोटं मोजायचे आणि म्हणायचे, "साडेचार तास." चुकलं तर आबा रागवायचे नाहीत, पण सायकल पुढं न्यायचे नाहीत. बरोबर येईपर्यंत तिथंच थांबायचं. मला भूक लागलेली असायची, ऊन डोक्यावर असायचं, आणि हा माणूस उसाच्या कडेला पाय टेकून शांत उभा. मी रडकुंडीला यायचे. आज तो रस्ता डांबरी झालाय, सायकल कुणी वापरत नाही. पण त्या वॉल्व्हपाशी ओल्या मातीचा आणि गंजलेल्या लोखंडाचा एक वास यायचा, तो आठवला की मला त्या रविवारी परत जावंसं वाटतं, भुकेसकट.

पुढं मी बारामतीला शिकले आणि तिथंच एका लहान कंपनीत लागले. कंपनी म्हणजे एमआयडीसीच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि आम्ही चौघं. आबांना मोतीबिंदू होत आला होता. संस्थेत नवा माणूस घ्यायचं ठरत होतं, आणि त्याच्या डोक्यात आबांचं सगळं शिरणार नव्हतं. तेव्हा आबांनीच सभेत शब्द टाकला, की माझी पोरगी पाळीचं ॲप करील. शब्द टाकला म्हणजे जबाबदारी घेतली. संस्था कधी आबांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

ॲप काही मोठं नव्हतं. सगळी मेख एका खोक्यात होती. क्षेत्र भरायचा खोका. फोनमध्ये आकडा भरायचा तयार खोका मिळतो, पण तो आम्हाला बिनकामाचा, कारण आमच्याकडं जमीन एकर आणि गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर. लिहिताना लोक मध्ये टिंब देतात. १.१० लिहिलं की एक एकर दहा गुंठे. म्हणून मी आमचा स्वतःचा खोका बनवला. त्यात टिंब देऊन आकडा टाकला की खाली लगेच शब्दांत उमटायचं, 'एक एकर दहा गुंठे', आणि त्याखाली पाळी, 'पाच तास'. कुणी चुकून एक पंचेचाळीस टाकलं तर खोका आपणहून दोन एकर पाच गुंठे करायचा. मला त्या खोक्याचा फार अभिमान होता.

त्याच्या पोटातलं गणित मी पडद्यापासून वेगळं काढून ठेवलं होतं, म्हणजे फोन न उघडताच त्याला प्रश्न विचारता यायचे. हेच युनिट टेस्ट. लहानसा तुकडा घ्यायचा, उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा. बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल.

त्या आठवड्यात आबांचा फोन आला. "तू त्या खोक्याला काय काय इचारतीस? मी सांगतो, लिहून घे. सव्वा, दीड, पावनेदोन, तीस गुंठं..."

"आबा, पुरे. मला कळलंय," मी म्हणाले. दोन दिवसांत काम द्यायचं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. "मी लिहिल्यात टेस्ट. सगळ्या हिरव्या आहेत."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. आबांचं 'बरं' हे नेहमी बरंच असायचं असं नाही, पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

माझ्या टेस्ट खरंच हिरव्या होत्या. दोन पंधरा, तीन पंचवीस, एक पाच, एक पंचेचाळीस. चाळीसच्या अलीकडचं एकोणचाळीस, पलीकडचं एक्केचाळीस. नेमका चाळीसचा प्रश्न घातला नाही, कारण चाळीस गुंठे असं कोण म्हणतं, एकर म्हणतात. मी स्वतःवर खूश होते.

पुढच्या रविवारी गावी जाऊन आबांच्या हातानंच सगळ्या सभासदांचं क्षेत्र भरलं. मी भरू म्हटलं तर नको म्हणाले. वही न बघता, पाइपलाइनच्या डोक्यापासून टोकापर्यंत, एकेक शेत ओळीनं. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा, मान मागं न्यायची, एका बोटानं दाबायचं, आणि खाली उमटलेले शब्द मोठ्यानं वाचायचे. "एक एकर धा गुंठं. बराबर." "तीस गुंठं. बराबर." साठ वेळा बराबर. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार झाले. माझ्या शेजारी पायजम्यात मांडी घालून बसलेला तो माणूस, त्याचा तो हातभर लांब धरलेला फोन. तेवढं सुख मला पुन्हा कुठल्याच कामात मिळालं नाही.

आठवड्यानं आबांचं ऑपरेशन बारामतीत झालं आणि ते माझ्या खोलीवर राहायला आले. गावात नवा माणूस ॲप बघून पाळी देऊ लागला; पाळी तेव्हा टोकाशी आली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी आईचा फोन. टोकाच्या मावशी पंपाच्या खोलीवर येऊन बसल्यात आणि उठत नाहीत.

टोकाच्या मावशी म्हणजे पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या शेतातल्या बाई. एकट्या. तीस गुंठे रान, त्यात नुकतीच कांद्याची लागण केलेली. लागणीच्या रोपाला पाणी थांबून चालत नाही. आणि नव्या माणसानं त्यांचा वॉल्व्ह अठरा मिनिटांत बंद केला होता, कारण ॲपनं तसं सांगितलं होतं. पाणी वॉल्व्हपासून त्यांच्या रानापर्यंत यायलाच पंधरा मिनिटं लागतात.

मी फोन ठेवला आणि आबांना सांगितलं. ते कॉटवर पडले होते, एका डोळ्यावर पट्टी.

"अठरा?" ते म्हणाले. "अठरा म्हंजी तीन गुंठं. तिचं तीस हाय. शून्य कुठं गेलं गं?"

शून्य कुठं गेलं ते मला त्याच वेळी कळलं. भरताना खोका आकडा बरोबर वाचायचा. पण जपून ठेवताना मी तो साधी संख्या म्हणून ठेवला होता, आणि संख्येच्या हिशेबी टिंबानंतरचं शेवटचं शून्य असलं काय नि नसलं काय. ०.३० चं झालं ०.३. परत वाचताना तीन गुंठे. एक एकर दहाचा झाला एक एकर एक. माझ्या पंधरा, पंचवीस आणि पंचेचाळीसपैकी एकाच्याही शेवटी शून्य नव्हतं. आणि गावातलं निम्मं रान दहा, वीस आणि तीसवर बेतलेलं. सव्वा, दीड, पावणे. रोजच्या तोंडातले आकडे. आबा फोनवर नेमकं तेच सांगत होते आणि मी पुरे म्हणाले होते.

पहिला फोन गावी केला. ॲप बंद ठेवा, मावशींना उद्या पहाटेपासून तीन तास द्या, आबांचा निरोप आहे म्हणून सांगा. मग लॅपटॉप उघडला. आधी टेस्ट लिहिली: तीस गुंठे, तीन तास. लाल. इतकी लाल खूण मी आजवर पाहिली नव्हती. मग संख्या काढून टाकली, सगळं क्षेत्र गुंठ्यांतच ठेवायचं केलं. हिरवी.

"आबा," मी म्हणाले, "विचारा आता."

ते एक अक्षर टोचून बोलले नाहीत. पट्टीखालचा डोळा मिटलेलाच, दुसराही मिटला, आणि पाइपलाइनच्या डोक्यापासून चालायला लागले. "पयला वॉल्व्ह. दोन धा." मी टाइप करायचे. "नऊ तास." "त्याच्या खाली वीस गुंठं." "दोन तास." एखादी लाल आली तर आबा पुढं जायचे नाहीत. संध्याकाळी सगळं गाव माझ्या टेस्टमध्ये आलं होतं. मी पस्तिशीला टेकले होते आणि मला कॅरिअरवर बसल्यासारखं वाटत होतं.

पण मावशींचा अर्धा कांदा त्या एका दिवसाच्या उन्हात बसला. रोप सुकून मातीला चिकटलं. त्याच आठवड्यात संस्थेनं सभा बोलावली.

सभा पंपाच्या खोलीपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारच्या दोन गावांची माणसंही ॲप कसं असतं ते बघायला आलेली. मी येताना स्कूटीवर सगळं वाक्य पाठ करून आले होते. चूक माझी आहे, ती अशी झाली, ती दुरुस्त केली आहे. आबा काळा चष्मा लावून पहिल्या ओळीत बसले होते. त्यांनी त्या ॲपसाठी शब्द टाकला होता, आणि शेडमधल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

मावशी उठल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "माझं रोप गेलं," त्या म्हणाल्या. "कुनामुळं गेलं, तेवढं सांगा."

मी उठायला हात टेकला. तेवढ्यात आबा उभे राहिले.

"माज्यामुळं," ते म्हणाले. "भरताना शेवटचं शून्य मी दाबलंच न्हाय. डोळ्याला दिसत न्हवतं. मशिनीत काय खोट न्हाय."

तीस वर्षांत त्या माणसानं पहिल्यांदा 'माझी चूक' म्हटलं होतं, आणि ती त्याची नव्हती. साठ वेळा बराबर म्हणून वाचलेलं मी माझ्या कानानं ऐकलं होतं. मी उठायला हवं होतं. माझा हात जमिनीवर टेकलेला होता, फक्त उठायचं होतं. मी उठले नाही. दुसऱ्या गावची माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. सचिवांनी वहीत लिहिलं, पाटकऱ्यांच्या नजरचुकीनं. आबांनी खाली सही केली.

परतताना ते माझ्या मागं स्कूटीवर. मी त्यांच्यावरच उखडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी बोलणार होते ना."

"बोलनार हुतीस, ठावं हाय," ते म्हणाले. मग कालव्याच्या पुलावर आल्यावर म्हणाले, "आमच्यातल्या पोरीनं क्येलेली वस्तू पयल्याच झटक्याला चुकली, आसं कुनी म्हनाय नगं. माजं काय, माजं झालं आता."

मला पुढचं दिसेना म्हणून गाडी बाजूला घेतली. त्यांना वाटलं पेट्रोल संपलं.

आईनं आपल्या वाफ्यातलं कांद्याचं रोप मावशींना नेऊन दिलं, आणि स्वतः दिवसभर वाकून लावूही लागली. ॲप नीट चालू लागलं, पुढं त्या दोन गावांनीही घेतलं. कंपनीत माझं नाव झालं. नवीन येणाऱ्यांना मी सांगायचे, की टेस्ट आपल्या मनानं रचायच्या नाहीत, जो माणूस तो खोका वापरणार आहे त्याच्या तोंडचे आकडे घ्यायचे. ते लिहून घ्यायचे. हे मी कुठं शिकले, ते कधी सांगितलं नाही.

वर्षभरानं संस्थेनं आबांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. सचिव चांगलं बोलले. म्हणाले, तीस वर्षांत एक नजरचूक सोडली तर या माणसानं कुणाचं मिनिट इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या. मला त्या 'एक सोडली तर'नं जो चटका दिला, तो अजून गेलेला नाही. मी ठरवलं, की पुढच्या सभेत सांगायचं. मग पुढच्या सभेला बारामतीत काम निघालं. त्याच्या पुढच्या सभेच्या आधी आबा गेले, सकाळी, घड्याळ लावून झाल्यावर.

शेवटी मागच्या वर्षी मी सभेला गेले. सभा त्याच शेडमध्ये. सभासदांच्या यादीत आबांच्या जागी आता आईचं नाव लागलंय, तिच्या वतीनं मी बसले होते. आयत्या वेळचे विषय आले तेव्हा उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. "त्या वेळी शून्य आबांनी दाबलं होतं," एवढंच म्हणाले. "ते माझ्या ॲपनं खाल्लं. मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले. वहीतलं ते वाक्य बदला."

सचिव पेन हातात धरून बघत राहिले. मग टोकाच्या मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बस खाली, पोरी. आमाला तवाच ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्यो मानूस तिसाला तीन म्हनंल व्हय? आंधळा झाला आसता तरी म्हनला नसता."

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुमचं तर रोप गेलं होतं."

मावशींनी पदर सारखा केला. "आमाला तीस वर्सं पानी दिलं त्यानं," त्या म्हणाल्या, "आन् कदी कुनाकडं काय मागितलं न्हाय. त्या दिशी पयल्यांदाच मागत हुता, माजं खोटं खरं माना म्हनून. मग मानलं आमी."